लाफबरोचा घंटा-मनोरा: घंटा टिकते, झिजतं ते बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाकडे इंग्लंडला गेलेले एक गृहस्थ लेस्टरजवळच्या लाफबरो गावात क्वीन्स पार्कमध्ये फिरत होते. बागेतल्या उंच विटांच्या मनोऱ्यातून घंटांवर चक्क गाणं वाजत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की वर बसून कुणीतरी हातापायांनी ते वाजवतं, आणि हा मनोरा म्हणजे पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. त्यांनी विचारलंय की हे वाद्य नेमकं कोणतं, स्मारक म्हणून घंटाच का, शंभर वर्षांनी त्या सुरात कशा राहिल्या, त्यांची निगा कोण आणि कशी राखतं, आणि मुंबईच्या राजाबाई टॉवरमधून पूर्वी सुरावटी वाजायच्या म्हणतात ते हेच वाद्य का.

याच कामात माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. वडिलांची कोल्हापुरात उद्यमनगरला छोटी फौंड्री होती. साचा, कोअर, भट्टी हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. पुढे इंग्लंडला आलो आणि गेली २६ वर्षं घंटा टांगणं, त्यांचे लोळे, तारा, चौकटी दुरुस्त करणं हेच करतोय. लोळा म्हणजे घंटेच्या पोटात लोंबणारा, तिला आतून ठोकणारा लोखंडी गोळा. हा शब्द पुढे बऱ्याचदा येईल.

आधी वाद्य. याला कॅरिलॉन म्हणतात. देवळातली घंटा आपण लोळा हलवून वाजवतो आणि इंग्लिश चर्चमध्ये मोठ्या चाकाला दोर बांधून अख्खी घंटाच फिरवतात. कॅरिलॉनमध्ये घंटा लोखंडी तुळयांना घट्ट आवळलेल्या असतात, त्या जागच्या हलत नाहीत. हलतो तो फक्त लोळा. प्रत्येक लोळ्यापासून एक तार खाली वादकाच्या खोलीत येते आणि तिथल्या एका लाकडी दांडीला जोडलेली असते. अशा दांड्यांच्या दोन ओळी हातांसाठी, आणि खालच्या जड घंटांसाठी पायाशी पेडल. वादक मूठ सैलसर मिटून करंगळीच्या बाजूने दांडी खाली दाबतो. लांबून बघणाऱ्याला तो ठोसे मारतोय असं वाटतं, पण चांगल्या वादकाचा हात दांडीला टेकूनच निघतो. मध्ये वीज नाही, मोटर नाही, म्हणून दांडी हळू दाबली तर घंटा हळू बोलते आणि जोर दिला तर जोरात. पेटीवर जे भात्याने साधतं ते इथे मनगटाने साधावं लागतं.

किमान २३ घंटा असल्या तरच त्याला कॅरिलॉन म्हणायचं, असा या क्षेत्रातला रिवाज आहे. लाफबरोत ४७ आहेत, म्हणजे जवळजवळ चार सप्तकं. सगळ्या त्याच गावातल्या जॉन टेलर कंपनीच्या ओतशाळेत ओतलेल्या. बागेपासून ही ओतशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेलरांची ही ओतशाळा १८३९ पासून त्या गावात घंटा ओतत आलीय. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधली साडेसोळा टनांची घंटा त्यांनीच १८८१ मध्ये ओतली.

आता स्मारक म्हणून घंटाच का, याकडे येतो. हे वाद्य मूळचं बेल्जियम, हॉलंड आणि उत्तर फ्रान्सचं. तिथल्या गावांची ओळखच त्यांच्या घंटा-मनोऱ्यांवरून. १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या तेव्हा लूव्हेन आणि ईप्र ही गावं जळाली, आणि मनोऱ्यांसकट त्यांची वाद्यंही गेली. सुमारे अडीच लाख बेल्जियन निर्वासित ब्रिटनमध्ये आले. घंटा गप्प झालेला देश हे चित्र इंग्लिश लोकांच्या मनात तेव्हा खोल रुतलं. शिवाय घंटा आणि तोफ या एकाच घरातल्या. दोन्ही तांबं आणि कथिलाच्या. तोफेत कथील साधारण दहा टक्के, घंटेत वीस ते बावीस. त्यामुळे युद्ध आलं की घंटा उतरवून वितळवायच्या ही युरोपातली जुनी रीत. आपल्याकडे अहमदनगरला १५४९ साली ओतलेली आणि आज विजापुरात असलेली मुलूख-ए-मैदान तोफ हलकेच ठोकली तर घंटेसारखी घुमते म्हणतात. ज्याने भट्टीत ही धातू ढवळलीय त्याला याचं नवल वाटणार नाही. तेव्हा युद्धात गेलेल्यांसाठी तोफेच्याच धातूची घंटा करणं, यात त्या पिढीला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

लाफबरोचा मनोरा सर वॉल्टर टॅपर या वास्तुविशारदाने आखला. उंची १५२ फूट. २२ जुलै १९२३ रोजी फील्ड मार्शल सर विल्यम रॉबर्टसन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वाजवायला बेल्जियममधल्या मेखेलेनहून येफ देनेन आले होते. त्या काळातले ते सर्वांत मोठे वादक, आणि आदल्याच वर्षी त्यांनी मेखेलेनला कॅरिलॉनची शाळा काढली होती. ती आजही चालू आहे. नामवंत इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी या प्रसंगासाठी खास रचना लिहून दिली. मनोऱ्याच्या पायथ्याशी त्या युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं ब्राँझच्या फलकांवर कोरली आहेत.

पण मला विचाराल तर त्या स्मारकाचं काळीज वर आहे, सर्वांत मोठ्या घंटेच्या अंगावर. ही घंटा चार टनांहून थोडी जास्त. ओतशाळेचे मालक एडमंड डेनिसन टेलर यांनी ती स्वतःकडून दिली. घंटेवरच्या अक्षरांत त्यांच्या तीन पुतण्यांची नावं आहेत. तिघे सख्खे भाऊ. तिघेही फ्रान्समध्ये लढताना गेले: जॉन विल्यम १९१६ मध्ये कुर्सलेतला पडला, आर्नल्ड त्याच वर्षी काँतालमेझोंला, आणि जेरार्ड १९१८ मध्ये सँ काँतँला. घंटेवरची अक्षरं नंतर कोरत नाहीत. ती साच्यातच उलटी उमटवायची असतात, म्हणजे धातू ओतण्याआधी. या तिघांच्या काकाने, ज्याचा धंदाच घंटा ओतण्याचा, त्याने आपल्या घरची तीन नावं ओल्या साच्यात उलटी बसवून घेतली असणार. माझ्या वडिलांनी माझ्या आजोबांच्या नावाची एक छोटी पितळी पाटी आमच्या फौंड्रीत ओतली होती. साचा उघडेपर्यंत ते कुणाशी बोलले नव्हते. त्या घंटेसमोर उभं राहिलं की मला दरवेळी ते आठवतं.

लाफबरो ही सुरुवात होती. त्यानंतर दहा वर्षांत युद्धस्मारक म्हणून कॅरिलॉन उभारण्याची लाटच आली. कॅनडात ऑटावाच्या संसदेच्या पीस टॉवरमध्ये १९२७ मध्ये ५३ घंटा, सिडनी विद्यापीठात १९२८ मध्ये, न्यूझीलंडच्या वेलिंग्टनला १९३२ मध्ये ४९. लूव्हेनच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या मनोऱ्यात अमेरिकन इंजिनिअरांनी आपल्या मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ १९२८ मध्ये ४८ घंटा दिल्या, तेव्हाच्या प्रत्येक राज्याची एक. ते ग्रंथालय १९४० मध्ये पुन्हा जळालं, आणि तिथलं वाद्य पुन्हा नीट उभं राहायला १९८३ उजाडलं.

आता सुराबद्दल. तुमचा प्रश्न, शंभर वर्षांनी सुरात कशा? याचं उत्तर ऐकून लोकांना धक्का बसतो: घंटा सुरात लावावी लागतच नाही. तबला ठोकून लावतात, तानपुरा खुंटी पिळून. घंटेला खुंटी नाही. तिचा सूर तिच्या आकारात आणि जाडीत असतो, आणि तो ओतशाळेतून बाहेर पडताना एकदा ठरला की ठरला. घंटा मुद्दाम थोडी जाड ओततात. मग ती लेथवर उपडी ठेवून आतल्या बाजूने धातू खरवडतात. खरवडलं की सूर उतरतो. वर चढवायचा मार्ग व्यवहारात नाहीच म्हणा, त्यामुळे एक फेरा जास्त गेला तर घंटा पुन्हा भट्टीत. म्हणून सुरावणारा माणूस केसभर काढतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा केसभर.

गंमत अशी की घंटेत एकच सूर लावायचा नसतो. ठोका ऐकू येतो तो सूर सा धरा. त्याच्या खाली मंद्र सप्तकातला सा गुणगुणत राहतो, ठोका विरल्यावर जी गुंजन उरते ती त्याची. वर पंचम असतो, तार सा असतो. आणि मधे असतो कोमल गंधार. हे पाच सूर घंटेच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या जाडीवर अवलंबून असतात, म्हणून कुठे खरवडायचं हे ठरवून करावं लागतं. हॉलंडमध्ये काम करणाऱ्या हेमोनी बंधूंनी १६४४ च्या सुमारास तिथल्या झुटफेन गावासाठी पहिल्यांदा अशा नीट सुरावलेल्या घंटा केल्या. त्यांच्यानंतर ही विद्या जवळजवळ गेलीच होती. इंग्लंडमधले एक पाद्री, आर्थर सिम्पसन, यांनी १८९० च्या दशकात घंटा बेसूर का वाटतात यावर अभ्यास करून लिहिलं, आणि टेलरांनी १८९६ पासून पाचही सूर लावायला सुरुवात केली. लाफबरोच्या ४७ घंटा त्या विद्येच्या भर ज्वानीतल्या आहेत.

तो कोमल गंधार मात्र समजून घ्या, कारण आपल्या कानाला तिथेच या वाद्याची चव कळते. जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार निघतो तो शुद्ध. घंटेतून आपोआप निघणारा गंधार कोमल. म्हणून घंटेवर कोणतीही आनंदी चाल वाजवली तरी तिच्या पोटात एक करुण सूर असतो. शुद्ध गंधार असलेले सूर एकत्र वाजले की आतला कोमल गंधार त्यांना टोचतो. कॅरिलॉनसाठी लिहिणारे संगीतकार हे ओळखून लिहितात. १९८० च्या दशकात हॉलंडमध्ये आकार बदलून शुद्ध गंधाराच्या घंटाही बनवल्या. मी त्या ऐकल्या आहेत, चांगल्या आहेत, पण स्मारकाच्या मनोऱ्यात मला कोमल गंधारच हवा.

तर घंटा तशीच राहते. उन्हात तापली की सूर अगदी किंचित उतरतो, पण सगळ्याच एकदम उतरतात म्हणून कळत नाही. हवेने अंगावर हिरवट-काळा थर चढतो, तो तिचं कवच असतं. कृपा करून तो घासून काढू नका. एका मनोऱ्यात उत्साही मंडळींनी वर्धापनदिनासाठी घंटा चकचकीत करायचा घाट घातला होता. वायरचा ब्रश लावून दोन घंटांची अक्षरं बोथट करून टाकली, तेव्हा कुठे मला बोलावलं. जिथे कोळशाचा धूर फार होता अशा शहरांत लहान घंटांचं अंग थोडं खाल्लं जातं हे खरं. लहान घंटेत धातू कमी आणि पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तिचा सूर आधी हलतो. पण असं दुखणं तीन-चार पिढ्यांतून एकदा.

रोजचं दुखणं तारांचं. मनोऱ्यात १० मीटर लांबीची पोलादी तार असली आणि सकाळपासून दुपारपर्यंत हवा २० अंशांनी तापली, तर तार सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. विटांची भिंत तिच्या निम्म्यानेच फुगते. अडीच मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. हळुवार वाजवायला लोळा घंटेच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आणून तिथून ढकलावा लागतो. तार ढिली झाली की दांडी तळाला टेकते आणि लोळा घंटेला पोचतच नाही. ताठ झाली की लोळा घंटेला चिकटून राहतो आणि तिचा श्वास कोंडतो. म्हणून प्रत्येक तारेला वादकाच्या हाताशी एक पिळाचा स्क्रू असतो. वादक मैफलीआधी दांडी न् दांडी दाबून पाहतो आणि पीळ देतो. गवई षड्ज लावतो तसंच हे, फक्त दर वेळी ४७ ठिकाणी.

मग लोळा. हजारो ठोके एकाच जागी बसले की गोळ्याला तिथे सपाट चट्टा पडतो. लोकांना वाटतं गोळा झिजला म्हणजे आवाज मऊ होईल. होतं उलटं. गोल गोळा घंटेला हलकेच दबून सुटतो. सपाट गोळा फाटकन आदळून सुटतो, आणि वरचे टोकदार सूर पुढे येतात. घंटा कर्कश बोलायला लागते, आणि ऐकणारे म्हणतात घंटा जुनी झाली. घंटा जुनी झालेली नसते.

हे काम मी कसं करतो ते सांगतो, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकतात. थंडीतली सकाळ निवडतो, पाऊस आणि वारा नसलेली. घंटेखाली पाठीवर सरकतो. हातमोजा काढतो आणि अंगठ्याने गोळ्यावर चट्टा चाचपतो. लहान घंटेत तो मसूराएवढा, मोठीत रुपयाच्या नाण्याएवढा. डोळ्यांपेक्षा अंगठा खरं सांगतो, कडा कुठे आहे ते त्याला कळतं. मग सपाट मध्यभागाला हात न लावता कडेकडेने बारीक कानस फिरवतो, पाच-सहा हातच. मग थांबून दांडीवरच्या जोडीदाराला हाक मारतो, "दे." तो एक मवाळ ठोका देतो. मी डोळे मिटून फक्त पहिला क्षण ऐकतो, ‘टं’ मधला ‘ट’. तो बोचतो की नाही. पुन्हा पाच हात. एका घंटेला कधी दहा मिनिटं, कधी दीड तास. सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या लोळ्यावर मी घाईने जास्त कानस चालवली आणि तो शेजारच्या दोन घंटांपेक्षा मऊ बोलू लागला. मग त्या दोघींनाही तितकं उतरवावं लागलं. त्या दिवसापासून पाच हातांचा नियम मोडलेला नाही. आणि लोळ्याचं लोखंड घंटेपेक्षा कडक असता कामा नये. झिजायचं ते लोळ्याने, कारण लोळा नवा करता येतो.

घंटेला एकाच जागी ठोके बसून खड्डा पडू लागला तर दुसरा उपाय म्हणजे घंटा थोडी फिरवून बसवणं, म्हणजे ठोका ताज्या जागी पडतो. लंडनची बिग बेन १८५९ मध्ये तडकली तेव्हा तिला हेच केलं. फिरवली, हातोडा हलका केला, आणि ती तडा अंगावर घेऊन आजही वाजते. आपल्याकडेही हे करता येण्यासारखं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आहेत. त्या ओतणाऱ्यांची विद्या आणि लाफबरोची विद्या एकाच परंपरेतली. पावणेतीनशे वर्षं घाटावरचा पाऊस आणि भक्तांचे ठोके खाऊन त्या उभ्या आहेत. कुणा विश्वस्तांना त्यांची काळजी असेल तर एवढंच बघावं: लोळा ज्या कडीला लोंबतो ती झिजून पातळ झालीय का, आणि घंटेच्या डोक्यात लोखंडी कडी धातूतच ओतलेली असेल तर तिथे गंज फुगतोय का. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेला गंज घंटेच्या धातूला आतून फोडतो. जुन्या घंटा ठोक्याने तडकतात त्यापेक्षा जास्त या गंजाने तडकतात. तडकलेली घंटा पूर्ण तापवून जोडता येते, पण ते काम जगात मोजक्याच ठिकाणी होतं. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे ती कधीही देऊ नये. तडा बुजेल, सूर गेला.

चौकट, बोल्ट, बिजागऱ्या यांची निगा म्हणजे शुद्ध लोखंडकाम. दरवर्षी गंज खरवडून रंग, बोल्ट घट्ट आवळलेले आहेत का तपासणं, जाळ्या नीट आहेत का बघणं. कबुतरांची विष्ठा लोखंड आणि तारा दोन्ही खाते, आणि माणसाच्या छातीलाही वाईट, त्यामुळे साफ करताना तोंडावर मास्क हवाच. बाकी यात सांगण्यासारखं नवं काही नाही, ज्याने कारखाना सांभाळलाय त्याला हे कळतं. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बघतो म्हणून लिहितो. वंगणाचा अतिरेक. एका गावच्या मनोऱ्यात युद्धात गेलेल्यांच्या नोव्हेंबरमधल्या स्मृतिदिनाच्या आदल्या आठवड्यात समितीने हौशी माणसांकडून सगळ्या सांध्यांना घट्ट ग्रीस भरून घेतलं. दोन दिवसांनी पारा शून्याखाली गेला. ग्रीस मेणासारखं थिजलं, खालच्या चौदा घंटांचे लोळे परतायला अर्धा क्षण उशीर करू लागले, आणि प्रार्थनेची चाल लंगडी झाली. रॉकेलमध्ये चिंधी बुडवून एकेक सांधा पुसण्यात माझे दोन दिवस गेले. तिथे फक्त दोन थेंब पातळ तेल हवं होतं.

आणि सर्वांत मोठी निगा म्हणजे वाजवणं. पडून राहिलेलं कॅरिलॉन वर्षभरात गंजतं. आठवड्यातून एकदा वाजणारं वाद्य स्वतःच सांगतं कुठे दुखतंय ते, कारण वादकाच्या हाताला ते आधी कळतं. म्हणून मनोरा दुरुस्त करायला निधी जमवणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणतो, त्यातले थोडे पैसे वादक घडवायला ठेवा. सराव करायला खाली खोलीत धातूच्या पट्ट्यांचा निराळा कीबोर्ड लागतो, कारण खरी घंटा चुकली तर अख्ख्या गावाला ऐकू जाते. तारा काढून विजेचे हातोडे बसवायचे किंवा वर लाउडस्पीकर लावून ध्वनिमुद्रण ऐकवायचं, असा सल्ला पैसे कमी पडले की हटकून येतो. तासाचे टोल द्यायला विजेचा हातोडा चालेल. पण ज्यांची नावं खाली ब्राँझवर आहेत त्यांच्यासाठी एक जिवंत माणूस जिना चढून वर जातो, हेच त्या स्मारकाचं काम आहे. ते लाउडस्पीकरला देता येत नाही.

राहता राहिला राजाबाई टॉवर. कोनशिला १८६९ मध्ये, पूर्ण झाला १८७८ मध्ये. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, ते स्वतः कधी मुंबईत आले नाहीत. उंची २८० फूट. कापसाच्या व्यापारातले प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. राजाबाई दृष्टिहीन होत्या, जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायच्या, आणि वेळ त्यांना घंटेवरून कळायची असं सांगतात. म्हणजे तोही स्मारकाचाच मनोरा, एका मुलाने आईसाठी उभारलेला. पुढे न्यूयॉर्कला रॉकफेलरांच्या मुलाने, धाकट्या जॉन डी. रॉकफेलरने, आपल्या आईच्या, लॉरा स्पेलमनच्या नावाने कॅरिलॉन दिलं. रिव्हरसाइड चर्चमध्ये त्याच्या ७४ घंटा आहेत, आणि सर्वांत मोठी वीस टनांच्या घरातली. दोन श्रीमंत मुलगे, दोन आया, आणि दोघांनाही घंटाच सुचली. मला ही जोडी फार आवडते.

पण राजाबाईतलं वाद्य कॅरिलॉन नव्हे. तिथे वाजवणारा माणूस नव्हता, घड्याळाला जोडलेलं यंत्र होतं. अशा यंत्रात एक मोठं फिरतं पिंप असतं, त्याच्या अंगावर खुंट्या. पिंप फिरलं की खुंटी तरफ उचलते, तरफ तार ओढते, हातोडा पडतो. लहानपणीच्या चावीच्या संगीतपेटीची हीच युक्ती, शंभर पटींनी मोठी. पिंप थोडं सरकवलं की दुसरी चाल. राजाबाईत अशा १६ सुरावटी होत्या आणि त्यांत ब्रिटिशांचं राष्ट्रगीतही होतं. आज दर १५ मिनिटांनी एकच सुरावट वाजते. त्या यंत्राला माझा हात लागलेला नाही, पण अशी यंत्रं मी बरीच उघडली आहेत आणि ती बहुतेक एकाच वाटेने गप्प होतात. प्रत्येक हातोड्याची तार वेगळी ताणते, खुंट्या झिजतात, चाल अडखळते, लोक तक्रार करतात. मग सगळ्या सुरावटी सोडून चार-पाच घंटांवर भागणारी पाव तासाची चाल तेवढी ठेवतात, कारण तेवढे हातोडे एका माणसाला सांभाळता येतात. आणि न वापरलेले हातोडे गंजतात. यंत्र मात्र मरत नाही. पिंप शाबूत असेल तर खुंट्या पुन्हा बसवता येतात, चाली पुन्हा काढता येतात. राजाबाई टॉवरची २०१५ मध्ये पूर्ण झालेली दुरुस्ती, त्यातल्या रंगीत काचांचं काम, मी सुट्टीवर आलो असता खालून बघून आलो. काम मन लावून केलंय. २०१८ पासून तो सगळा परिसर जागतिक वारशात आहे. सुरावटींचा विषय कधी निघालाच तर पहिली पायरी म्हणून वर जाऊन खुंट्यांचं मोजमाप आणि फोटो घेऊन ठेवावेत. पिंपावरच्या खुंट्यांत त्या चाली जशाच्या तशा लिहिलेल्या असतात, आणि त्या वाचता येतात.

तुम्ही पुन्हा लाफबरोला जाल तेव्हा उन्हाळ्यात, मैफल असेल त्या दिवशी जा. आधी जिना चढा, १३८ पायऱ्या आहेत, मधल्या मजल्यांवर युद्धाचं छोटं संग्रहालय लागतं. पण ऐकायला खाली या, आणि मनोऱ्याच्या पायाशी थांबू नका. तिथे लोळ्यांचा खडखडाट आणि लहान घंटांचा किलबिलाटच जास्त येतो. बागेतून शंभर-सव्वाशे पावलं लांब जा, जिथून वरच्या घंटांच्या खिडक्या झाडांच्या आड न जाता दिसतात. चार टनांची घंटा वाजली की ठोका विरू द्या आणि खालचा मंद्र सा किती वेळ राहतो ते मोजा. वारा नसेल तर तुमचं मोजणं आधी संपेल.